लपवलेला उशीर कोणाच्या माथी?

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे २०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. निरोप जाऊन उत्तर यायला किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा सहज दीडपट होतो. हा उशीर कुठल्याही कंपनीला काढून टाकता येत नाही, कितीही पैसे ओतले तरी.

तरीही दोन शहरांतली दहा माणसे एका आभासी मैदानात धावतात, एकमेकांवर नेम धरतात, एकाच दस्तऐवजात एकाच वेळी टाइप करतात, हेडसेट घालून एका टेबलाभोवती बसतात, आणि बहुतेक वेळा त्यांना उशीर जाणवतच नाही. हे सॉफ्टवेअरचे कसब आहे. चाळीस वर्षांत ते इतके तरबेज झाले आहे की वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मला हे कसब मनापासून आवडते. पण त्याबद्दल एक गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. उशीर लपवला म्हणजे तो संपला असे होत नाही. तो एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातो. कोणाच्या खात्यात टाकायचा, हा निर्णय आज काही प्रोग्रॅमर एखाद्या सेटिंगच्या आकड्यात घेतात आणि ज्याच्या माथी तो पडतो त्याला कळवतही नाहीत. भारताने ई-स्पोर्ट्सला डिसेंबर २०२२ मध्ये क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या खेळांपासून वेगळे काढून मान्यता दिली. स्पर्धा, बक्षिसे, शिकवण्या, प्रशिक्षण असे सगळेच जर या सामायिक आभासी जागांत होणार असेल, तर उशिराची वाटणी उघड व्हायला हवी.

हे काम अमेरिकी लष्कराने फार आधी केले, आणि उघडपणे केले. १९८० च्या दशकात डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेच्या सिमनेट प्रकल्पात रणगाड्यांची शेकडो सिम्युलेटर जोडायची होती. प्रत्येक रणगाड्याची जागा सतत पाठवली तर जाळे तुंबले असते. म्हणून प्रत्येक यंत्राने इतर रणगाड्यांचा अंदाज स्वतःच बांधायचा, असे ठरले. शेवटची कळलेली जागा आणि वेग धरून तो पुढे सरकवत राहायचा. प्रत्येक रणगाडा स्वतःबद्दलचा तोच अंदाज आपल्याकडेही चालवत असे. खरी जागा अंदाजापासून ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की तो नवी माहिती पाठवत असे. पुढे १९९३ मध्ये यातून आयईईई १२७८ हे मानक आले. त्या परंपरेतले नेहमीचे आकडे असे आहेत: जागेत १ मीटरची चूक चालेल, दिशेत ३ अंशांची, आणि काहीच बदलले नाही तरी दर ५ सेकंदांनी एकदा आपण आहोत हे कळवायचे. जवळून भिडणाऱ्या वाहनांसाठी १०० मिलिसेकंद आणि सैल संबंध असलेल्यांसाठी ३०० मिलिसेकंद ही उशिराची सीमाही लिहिलेली होती.

या पद्धतीत दोष आहेतच. रणगाडा अचानक वळला तर दुसऱ्याच्या पडद्यावर तो भिंतीतून सरळ जातो आणि मग झटक्यात मागे येतो. झटका दिसू नये म्हणून तो हळूहळू खऱ्या जागी सरकवला, तर तेवढा वेळ पडद्यावर खोटीच जागा दिसत राहते. पण चूक किती चालेल हे कागदावर होते. सिम्युलेटर विकत घेणाऱ्याला ते वाचता येत होते आणि चाचणी करून पडताळताही येत होते. खेळांच्या दुनियेत हे मागे पडले.

१९९६ च्या डिसेंबरात क्वेकवर्ल्ड हा इंटरनेटवरचा नेमबाजीचा खेळ आला आणि मोडेमवरून खेळणाऱ्यांना वाटू लागले की आपली बोटे आणि पडदा एकत्र आहेत. युक्ती अशी. तुम्ही कळ दाबली की तुमचे यंत्र त्या आज्ञेला क्रमांक देऊन सर्व्हरकडे, म्हणजे सगळ्यांचा खेळ चालवणाऱ्या मधल्या संगणकाकडे, पाठवते आणि उत्तराची वाट न बघता स्वतःही लगेच अमलात आणते. पोचपावती न मिळालेल्या आज्ञांची यादी ते जवळ ठेवते. सर्व्हरकडून येते: ‘५१२ क्रमांकापर्यंतच्या आज्ञा धरून तू इथे आहेस.’ यंत्र त्या जागी जाते, ५१३ पासूनच्या आज्ञा त्याच फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरचे पुढचे चित्र काढण्याआधीच, पुन्हा चालवते आणि उत्तर जुळले तर पडद्यावर काहीच हलत नाही. मधल्या काळात दुसरा खेळाडू तुमच्या वाटेत आला असेल तर तुमच्या यंत्राला ते माहीत नसते. मग जुळत नाही, आणि तुम्ही रबरबँड लावल्यासारखे मागे खेचले जाता.

बाकीच्या खेळाडूंचे असे भविष्य सांगता येत नाही. त्यांच्या बोटांत काय आहे हे तुमच्या यंत्राला कळत नाही. म्हणून त्यांना मुद्दाम उशिरा दाखवतात. व्हॉल्व्ह कंपनीच्या हाफ-लाइफ आणि काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळांच्या जुन्या मांडणीत सर्व्हर सेकंदाला २० वेळा, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी माहिती देई आणि पडदा १०० मिलिसेकंद मागचे चित्र काढे. त्यामुळे माहितीचे एक पॅकेट वाटेत हरवले तरी दोन माहितीबिंदू हातात असत आणि त्यांच्या मधली हालचाल गुळगुळीत दिसे. याचा परिणाम असा की एकाच पडद्यावर तुम्ही सर्व्हरच्या थोडे पुढे असता आणि इतर सगळे थोडे मागे. तो पडदा म्हणजे दोन वेगळ्या क्षणांचे जोडचित्र असते.

आता गोळी झाडा. तुम्ही नेम धरलेला माणूस सर्व्हरवर तिथे नाहीच, तो पुढे गेला आहे. व्हॉल्व्हच्या यान बर्नियरने २००१ मध्ये मांडलेला उपाय आज जवळपास सगळीकडे आहे. सर्व्हर सगळ्यांच्या जागांचा साधारण शेवटच्या एका सेकंदाचा इतिहास ठेवतो. गोळीची आज्ञा आली की नेमबाजाचा जाऊन-येऊन उशीर आणि त्याच्या पडद्यावरचा मुद्दाम ठेवलेला उशीर यांची बेरीज करतो, सगळ्यांना तितके मागे नेतो, गोळी लागली का ते बघतो आणि सगळ्यांना परत जागेवर आणतो. नेमबाजाला वाटते, ‘मी जिथे नेम धरला तिथेच लागली.’ न्याय झाला.

पण समोरच्याचे काय? गणित मांडून बघू. नेमबाजाचा जाऊन-येऊन उशीर १२० मिलिसेकंद. त्यात पडद्याचा १०० मिळवला की सर्व्हर २२० मिलिसेकंद मागे जातो. ज्याला गोळी लागली त्याचा जाऊन-येऊन उशीर फक्त ४० आहे. तो स्वतःच्या पडद्यावर सर्व्हरच्या २० मिलिसेकंद पुढे आहे आणि ‘तू मेलास’ ही बातमी त्याच्यापर्यंत यायला आणखी २० लागतात. बेरीज २६० मिलिसेकंद. तो सेकंदाला ५ मीटर धावत असेल तर या काळात १.३ मीटर पुढे गेला आहे. स्वतःच्या डोळ्यांदेखत भिंतीच्या आड मीटरभराहून जास्त आत पोचलेला माणूस मरतो. त्याचे इंटरनेट उत्तम आहे, सर्व्हर जवळ आहे, त्याने काही चूक केलेली नाही. लांबच्या माणसाचा उशीर त्याने भरला.

घड्याळ मागे फिरवायचे नाही असे ठरवले, तर उलटे होते. लांबच्या खेळाडूला लक्ष्याच्या पुढे अंदाजाने गोळी झाडावी लागते, आणि प्रत्येक सर्व्हरवर, प्रत्येक दिवशी वेगळ्या अंतराने. तेव्हा उशीर तो भरतो. कोणीच भरत नाही अशी तिसरी व्यवस्था अस्तित्वात नाही. म्हणून ‘आमचे नेटकोड (जाळ्यावरून खेळ चालवणारा प्रोग्रॅम) उत्तम आहे, लॅग (उशीर) जाणवणार नाही’ ही जाहिरात अर्धीच माहिती देते. कोणाला जाणवणार नाही, हे तिने सांगायला हवे.

कोपऱ्यावर दबा धरून बसलेल्या खेळाडूचा तोटा याच्याच पोटातला. जो कोपऱ्यातून बाहेर येतो त्याला दबा धरलेला स्वतःच्या पडद्यावर लगेच दिसतो, कारण त्याची हालचाल त्याच्याच यंत्राने पुढे चालवलेली असते. थांबलेल्याला तो दिसतो धावणाऱ्याचा एकतर्फी उशीर, सर्व्हरचा एक टिक (सर्व्हर खेळ पुढे सरकवतो ती एक पायरी), स्वतःचा एकतर्फी उशीर आणि पडद्याचा बफर (मुद्दाम ठेवलेला उशीर) एवढे सगळे संपल्यावर. रायट कंपनीने २०२० मध्ये व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ आणताना या तोट्यावर उघडपणे लिहिले, सेकंदाला १२८ टिकचे सर्व्हर दिले आणि ७० टक्के खेळाडूंना ३५ मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचे लक्ष्य जाहीर केले. टिकच्या आकड्याचे कौतुक मात्र जरा जास्तच होते. ६४ टिक म्हणजे १५.६ मिलिसेकंद आणि १२८ म्हणजे ७.८. फरक आठेक मिलिसेकंदांचा. सर्व्हर सिंगापूरहून मुंबईत आणला तर भारतीय खेळाडूचा त्याच्या कितीतरी पट उशीर वाचतो. ज्याला सुधारणा करायची आहे त्याने आधी सर्व्हर कुठे आहे ते बघावे, टिक नंतर.

ओव्हरवॉच या नेमबाजीच्या खेळाने घेतलेली भूमिका मला सगळ्यांत स्वच्छ वाटते. तिथे सर्वसाधारण कौल नेमबाजाच्या बाजूने. पण समोरच्याने वेळेत निसटण्याची किंवा अभेद्य होण्याची खास क्षमता वापरली असेल तर कौल त्याचा. हे निर्मात्यांनी जाहीरपणे समजावून सांगितले. हा नियम सर्वांत न्याय्य आहे की नाही यावर वाद होऊ शकेल. पण खेळाडूला नियम ठाऊक आहे आणि तो त्याप्रमाणे खेळ बेतू शकतो, हे निर्विवाद आहे.

उशीर सगळ्यांत सारखा वाटून देण्याचीही एक जुनी रीत आहे. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्स या युद्धाच्या खेळामध्ये आठ खेळाडू २८.८ किलोबिटच्या मोडेमवर शेकडो सैनिक हलवत, कारण यंत्रे सैनिकांच्या जागा पाठवतच नसत. फक्त आज्ञा पाठवत आणि प्रत्येक आज्ञा सगळ्यांकडे दोन फेऱ्या नंतर, एकाच वेळी अमलात येई. फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची. निर्मात्यांना चाचण्यांत दिसले की २५० मिलिसेकंदांपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही, ५०० पर्यंत खेळ चालतो, आणि कमीजास्त होणाऱ्या उशिरापेक्षा जास्त पण स्थिर उशीर लोकांना बरा वाटतो. हा शेवटचा निष्कर्ष आजही फार मोलाचा आहे. तोटा एवढाच की सगळ्यांत हळू जोडणीचा भार सर्वांवर पडतो. मारामारीच्या खेळांत ही रीत टिकत नाही. तिथे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते आणि तीन-चार फ्रेमही हाताला जाणवतात. म्हणून टोनी कॅननच्या जीजीपीओ या प्रोग्रॅमपासून तिथे रोलबॅक ही रीत रुळली. प्रतिस्पर्ध्याचे बोट मागच्या फ्रेममध्ये होते तिथेच आहे असे धरून चालायचे, आणि चुकले तर मागे जाऊन मधल्या फ्रेम पुन्हा चालवायच्या. बहुतेक फ्रेममध्ये बोट बदलत नाही, त्यामुळे अंदाज बहुधा बरोबर येतो. चुकला तर ठोशाच्या सुरुवातीच्या दोन-तीन फ्रेम गायब होतात, आणि त्याच फ्रेम बघून बचाव करायचा असतो. इथे उशीर बचाव करणाऱ्याने भरला.

खेळांइतकीच ठळक गोष्ट संगीताच्या ऑनलाइन शिकवणीत घडते, आणि ती मराठी घरांच्या फार जवळची आहे. टाळ्यांच्या प्रयोगांत दिसले आहे की दोन माणसांमधला एकतर्फी उशीर २५ मिलिसेकंदांच्या आसपास पोचला की लय ओढली जाऊ लागते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २५ मिलिसेकंद हे साडेआठ मीटरचे अंतर झाले. मोठ्या रंगमंचाच्या दोन टोकांना बसलेल्या दोघांना जितके जड जाईल तितके. पुणे ते न्यू जर्सी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. प्रकाशालाच एका बाजूने ६२ मिलिसेकंद लागतात. त्यात माइक, साउंडकार्ड, व्हिडिओ कॉलचे बफर आणि प्रतिध्वनी काढणारे गणित मिळवले की जाऊन-येऊन ३०० मिलिसेकंद सहज होतात.

आता पुण्यातले गुरुजी ठेका धरतात आणि तिकडची मुलगी त्यावर गाते. तिच्या कानाला ती अचूक समेवर आहे. तिचा सूर पुण्यात पोचतो तेव्हा ३०० मिलिसेकंद उलटलेले असतात. मिनिटाला २०० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा बरोबर ३०० मिलिसेकंदांची. मुलगी अख्खी एक मात्रा मागे ऐकू येते. गुरुजी म्हणतात, ‘मागे पडते आहेस.’ ती पुढे रेटते, म्हणजे तिच्या बाजूला खरोखर चुकू लागते. व्हिडिओ कॉलचे अॅप हे लपवते, कारण चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळवून दोन्ही सारख्याच उशिरा दाखवते. तिचे ओठ आणि सूर जुळलेले दिसतात, म्हणून गुरुजींना उशिराचा संशयच येत नाही. दोष लयीच्या समजेवर जातो. लपवलेला उशीर इथे शिष्याच्या माथी पडला, तेही शिक्षणाच्या नावाखाली.

याला साधा आणि पक्का उपाय आहे. ठेका, लेहरा आणि तानपुरा नेहमी शिष्याच्या बाजूला वाजवायचा, गुरुजींच्या बाजूला नाही. मग मुलीचा आवाज आणि ठेका एकत्र उशिरा पोचतात आणि त्यांचे आपसातले नाते शाबूत राहते. गुरुजींनी ऐकताना स्वतः टाळी धरून साथ करायची नाही. अॅपमधला ‘मूळ आवाज’ पर्याय चालू करायचा आणि आवाजातला गोंगाट काढण्याची सोय बंद करायची, नाहीतर तबला आणि तानपुरा हे गोंगाट समजून कापले जातात. ब्लूटूथ हेडफोन टाळायचे. ते एकटेच बहुधा शंभराहून अधिक मिलिसेकंद घालतात.

पुणे-मुंबईचे प्रकरण वेगळे आहे. सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, प्रकाशाला एका बाजूने एक मिलिसेकंदही लागत नाही. तिथला उशीर जवळजवळ सगळा उपकरणांतला आहे, म्हणजे काढता येण्यासारखा. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर ५.३ मिलिसेकंद घेतो आणि तो आत येताना व बाहेर जाताना दोन्हीकडे असतो. तो ६४ किंवा १२८ वर आणला, वायफायऐवजी केबल लावली, वायरचे हेडफोन घातले आणि प्रतिध्वनी-निवारण नसलेला जॅकट्रिपसारखा प्रोग्रॅम वापरला, तर दोन शहरांतली साथसंगत २५ मिलिसेकंदांत बसवता येते. त्याहून लांबच्यांसाठी निंजॅम या प्रोग्रॅमची कल्पना आहे. उशीर कमी करण्याऐवजी तो पूर्ण एका आवर्तनाइतका वाढवायचा, म्हणजे प्रत्येकाला इतरांचे मागचे आवर्तन ऐकू येते आणि सम जुळते. मिनिटाला १६० मात्रांचा तीनताल ६ सेकंदांचा, तर उशीर ६ सेकंदांचा. ठेका-लेहऱ्यावर एकेकाने वाजवायला हे चालते. सवाल-जवाब, साथीदाराने ऐनवेळी पकडायची तिहाई आणि हळूहळू चढणारी लय हे सगळे मात्र जाते, कारण लय आधी ठरवून गोठवावी लागते. आपल्या संगीताचे मर्म जिथे आहे तिथेच ही युक्ती थांबते. हे शिकवणी विकणाऱ्यांनी आधी सांगावे.

उशीर लपवूनही प्रामाणिक राहता येते, याचे मला माहीत असलेले उत्तम उदाहरण खेळांतले नाही. एमआयटीत २०१२ मध्ये बनलेला मॉश हा प्रोग्रॅम दूरच्या संगणकावर टाइप करताना अक्षर सर्व्हरच्या उत्तराआधीच पडद्यावर उमटवतो. पण जोडणी हळू असेल तर न पक्के झालेले अक्षर अधोरेखित दिसते. उत्तर आले की रेघ जाते. थ्रीजीवरच्या चाचणीत कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा मध्यक वेळ ५०३ मिलिसेकंदांवरून ५ च्या खाली आला. वेग मिळाला आणि वापरणारा फसलाही नाही, कारण अंदाज आणि सत्य यांतला फरक त्याच्या डोळ्यांसमोर होता. ईव्ह ऑनलाइन हा अंतराळयुद्धाचा खेळ दुसऱ्या टोकाला जातो. लढाईत हजारो खेळाडू जमून सर्व्हर दमला की खेळातला काळच सगळ्यांसाठी हळू होतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत, आणि ते पडद्यावर दिसते. जानेवारी २०१४ मधली त्यातली एक मोठी लढाई जवळपास २१ तास चालली. कंटाळवाणे खरेच, पण कोणाच्याही आज्ञा गुपचूप गिळल्या गेल्या नाहीत.

हेडसेटच्या आभासी खोल्यांत एक भाग सुटलेला आहे. मान वळवल्यावर दृश्य २० मिलिसेकंदांच्या आत हलले नाही तर मळमळते, म्हणून डोक्याची हालचाल जाळ्यावर कधीच सोडत नाहीत. हेडसेट शेवटच्या क्षणी स्वतःच चित्र वळवून घेतो. अडचण सामायिक वस्तूंची आहे. टेबलावरचा एकच स्क्रू दोन प्रशिक्षणार्थी एकाच वेळी उचलतात. दोघांच्याही यंत्रांनी तो लगेच हातात दाखवला. सर्व्हर ज्याची विनंती आधी पोचली त्याला देतो, म्हणजे जो सर्व्हरजवळ आहे तो जवळपास नेहमीच जिंकतो, आणि दुसऱ्याच्या हातातून वस्तू निसटते. शंभर वेळा असे झाले तर लांबचा माणूस पुढाकार घेणेच सोडतो आणि प्रशिक्षकाला तो निष्क्रिय वाटतो. इथे हात वस्तूच्या जवळ येताच मालकीची विनंती पाठवावी, मालकी पक्की होईपर्यंत वस्तू फिकट दाखवावी आणि जवळजवळ एकाच वेळी आलेल्या विनंत्यांत प्रत्येकाचा उशीर वजा करून क्रम लावावा. तिन्ही गोष्टी करण्यासारख्या आहेत आणि स्वस्तही.

जे उलटवता येत नाही ते मात्र अंदाजाने दाखवू नये. चांगले खेळ हे पाळतात. बंदुकीचा आवाज आणि धूर लगेच दाखवतात, पण मृत्यू सर्व्हर सांगेपर्यंत दाखवत नाहीत. यूपीआयचा व्यवहार अडकला की ‘प्रलंबित’ असे लिहून येते. चिडचिड होते, पण ते बरोबर आहे. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कमधून स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचे पित्ताशय यंत्रहाताने काढले गेले, तेव्हा सरासरी उशीर १५५ मिलिसेकंद होता. शल्यविशारदांना तो आकडा आधीपासून माहीत होता आणि चालेल अशी सीमा प्रयोगांनी ठरवलेली होती. शस्त्रक्रियेच्या पडद्यावर सुई कुठे ‘असेल’ याचा अंदाज काढून दाखवणे कोणालाही मान्य होणार नाही. ऑनलाइन लिलाव, परीक्षा, पंचांचा निर्णय हेही याच जातीचे आहेत.

जाळ्याच्या बाजूनेही बरेच काम बाकी आहे. २०२३ पासून भारतात ब्रॉडबँडची किमान व्याख्या सेकंदाला २ मेगाबिट अशी आहे. ती वेगाची व्याख्या आहे, उशिराची नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत उशीर आणि त्यातली चढउतार यांचे निकष आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण सरासरीने इथे काही कळत नाही. सरासरी ३० मिलिसेकंद असून शंभरातली पाच पॅकेट १२० ला येत असतील, तर पडद्याच्या बफरला १२० धरून चालावे लागते, नाहीतर चित्र झटके खाते. म्हणून ९५ व्या आणि ९९ व्या शतमकाचे, म्हणजे शंभरातली ९५ किंवा ९९ पॅकेट ज्याच्या आत येतात ते, आकडे जिल्हावार प्रसिद्ध व्हायला हवेत. गडचिरोलीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे. प्रकाश आठ मिलिसेकंदांच्या आत जाऊन येतो. तिथल्या खेळाडूचा पिंग (जाऊन-येऊन उशीर) ९० दिसत असेल तर त्यातले ८० अंतराचे नाहीत. ते टॉवरवरच्या रांगेचे, वळसा घालून जाणाऱ्या मार्गाचे आणि तुंबलेल्या बफरचे आहेत, आणि हे तिन्ही दुरुस्त होतात.

घरातला बफर तर आजच दुरुस्त होतो. कोणीतरी फोटो क्लाउडवर चढवू लागले की पिंग २० वरून ३०० वर जातो, कारण राउटर पॅकेट टाकून देण्याऐवजी लांब रांगेत उभी करतो. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय असेल तर ते चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर ठेवावी. रांग मग राउटरच्या ताब्यात येते आणि पिंग तीस-चाळीसच्या आसपास राहतो. वेगाचा पाच ते पंधरा टक्के तोटा होतो, तो सोसावा. सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या भाड्याच्या राउटरमध्ये हे मुळातच चालू करून द्यावे, अशी सक्ती करायला काही हरकत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांकडून माझी मागणी नेमकी आहे. नियमपुस्तिकेत सर्व्हर कोणत्या शहरात आहे, टिक किती, पडद्याचा बफर किती आणि सर्व्हर जास्तीत जास्त किती मागे जातो, हे चार आकडे छापावेत. मागे जाण्याची मर्यादा १५० ते २०० मिलिसेकंदांपुढे असू नये. व्हॉल्व्हचे खेळ ज्यावर चालतात त्या सोर्स इंजिनात ती मुळात एक सेकंदाची असते, आणि सेकंदभर मागचा माणूस मारता येणे ही स्पर्धा नव्हे. मर्यादेपलीकडचा उशीर ज्याचा त्याने भरावा. यावर कोणी म्हणेल की हे खेड्यातल्या मुलावर अन्याय करणारे आहे. आहेच, म्हणून पात्रता फेऱ्या घरून घेऊ नयेत. विभागवार केंद्रे ठेवावीत, सगळी यंत्रे एकाच स्विचला जोडावीत आणि सर्व्हर त्याच खोलीत असावा. तिथे सगळ्यांचा पिंग एक-दोन मिलिसेकंद. खेळासाठी क्रीडासंकुले बांधणाऱ्या राज्याला प्रत्येक विभागात अशी एक खोली परवडते.

हे आकडे उघड केले तर लबाडी वाढेल, असा आक्षेप निर्माते घेतात. मुद्दा लॅग स्विचचा आहे. खेळाडू आपली वर जाणारी जोडणी अर्धा सेकंद तोडतो, इतरांच्या पडद्यावर गोठतो, आणि मग साठलेल्या आज्ञा एकदम सोडून मागच्या क्षणातल्या लोकांना मारतो. पण ही लबाडी चालते ती मर्यादा सैल असल्यामुळे. मर्यादा कोणाला ठाऊक आहे की नाही याने फरक पडत नाही. दोन यंत्रे आणि स्क्रीन रेकॉर्डर घेऊन बसलेला कोणीही ती एका संध्याकाळी मोजू शकतो, आणि लबाड लोक मोजतातच. मर्यादा घट्ट असेल, १५० मिलिसेकंदांहून जुन्या गोळ्या सर्व्हर मोजत नसेल आणि एका टिकमध्ये एका खेळाडूच्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त आज्ञा चालवत नसेल, तर अर्धा सेकंद जोडणी तोडणारा स्वतःच्याच आज्ञा गमावतो. आज अंधारात आहेत ते फक्त प्रामाणिक खेळाडू. भिंतीच्या आड पोचूनही मेल्यावर त्यांना आपल्या हातांवर शंका येते, आणि तक्रार करायची तर कोणत्या आकड्याविरुद्ध करायची हेही त्यांना माहीत नसते.